इटास्का: सायकल आधी, चालणं नंतर

मिनियापोलिसहून आई-वडील आणि मुलांना घेऊन जूनमध्ये कुठे जावं, हा तुमचा प्रश्न. इथे आधी कुणीतरी पॉल बनयन ट्रेल हा सायकलमार्ग सुचवलाय आणि तो छानच आहे. जुन्या रेल्वेमार्गावर बांधल्यामुळे चढ फारसा नाही, शिवाय पूर्ण डांबरी. पण सगळ्यांना एकत्र फिरायचं असेल तर मी मिनेसोटातलं इटास्का स्टेट पार्कच म्हणेन.

१८९१ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात शंभराहून जास्त तळी आहेत. उद्यानातल्या डग्लस लॉज या हॉटेलापासून मिसिसिपी नदीच्या उगमापर्यंत जंगलातून डांबरी सायकलवाट जाते, साधारण सहा मैलांची. पुढे वाइल्डरनेस ड्राइव्ह या रस्त्याने परत आलात की सोळा मैलांची फेरी पूर्ण होते. त्या रस्त्यावर गाड्याही असतात आणि चढउतार बरेच आहेत, त्यामुळे लहान मुलांना उगमावरूनच मागे फिरवा. आजी-आजोबा गाडीने थेट उगमापाशी येतील. तिथे नदी इतकी उथळ आणि अरुंद आहे की दगडांवरून चालत पलीकडे जाता येतं. मुलांना पाण्यात खेळू द्या, घाई करू नका.

उद्यानातल्याच प्रीचर्स ग्रोव्ह या राईतले शेकडो वर्षांचे लाल पाइन मात्र पायीच बघा.

जूनमध्ये डास भरपूर आणि गवतात गोचीड. पूर्ण पँट, मोज्यात खोचलेली, आणि संध्याकाळी प्रत्येकाचं अंग नीट तपासा, विशेषतः मुलांच्या कानामागे आणि केसांत.