मदत हवी आहे: विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) जायचंय, श्रीलिपीतल्या जुन्या फायलींचं काय करू?

काकांच्या घरच्या कॉम्प्युटरला सहाव्या जनरेशनचा आय३ आहे, ८ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलचा किमान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो. तपासणी चुकवून ११ टाकता येतं हे माहितीये, पण काका सत्तरीचे, बँकेची कामं त्यावरच, मी दुसऱ्या गावी, उद्या एखादं अपडेट अडलं तर ते काय करणार, म्हणून तो मार्ग नकोच. नवीन मशीनही आत्ता नको. सध्या वाढीव सिक्युरिटी अपडेट घेतलेत, ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तेव्हा घाई नाही.

सगळ्याचा बॅकअप एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतलाय, दोन-चार फायली उघडूनही बघितल्या. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं, वायफाय, प्रिंटर, आवाज सगळं नीट, आणि काकांना मेनूही ओळखीचा वाटला.

अडलंय एका गोष्टीवर. सोसायटीची जुनी पत्रं, हिशोब वर्डमध्ये श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात आहेत, मिंटमधल्या लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखंच सॉफ्टवेअर) उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फॉन्ट मिंटमध्ये टाकला तर वाचता येतील बहुतेक, पण आत अक्षरं इंग्रजीच राहत असल्याने मराठी शब्द टाकून शोधता येणार नाही, आणि ते कागद पुढच्या कमिटीलाही लागणार.

तर विंडोज आहे तोवरच सगळं युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणारी अक्षरं) करून घेऊ का? जोडाक्षरं आणि रफार न बिघडवता, फायली ऑनलाइन न चढवता, एकदम बऱ्याच फायली बदलणारं काही कुणी स्वतः वापरलंय का?