मोरचुदाचे ५ टक्के द्रावण : स्फटिक नेमके किती घ्यायचे?

प्रश्न (बी.एस्सी. प्रथम वर्षाचा विद्यार्थी, रत्नागिरी)

प्रात्यक्षिकात आम्हाला कॉपर सल्फेटचे, म्हणजेच मोरचुदाचे, वस्तुमानाने ५ टक्के असलेले २५० ग्रॅम द्रावण तयार करायचे होते. २५० चे ५ टक्के म्हणजे १२.५, असा हिशेब करून मी १२.५ ग्रॅम निळे स्फटिक वजन करून घेतले आणि ते २५० मिलिलिटर पाण्यात विरघळवले. सरांनी वहीवर ‘दोन चुका आहेत, शोध’ एवढाच शेरा दिला. द्रावण एकूण २५० ग्रॅम हवे होते आणि मी पाणीच तेवढे घेतले, ही एक चूक माझ्या लक्षात आली. दुसरी मात्र दोन दिवस विचार करूनही सापडत नाही.

याला जोडून आणखी एक शंका आहे. आमच्या पोफळीच्या बागेत पावसाळ्याच्या तोंडावर कोळेरोगासाठी (सुपारीची फळे कुजवणारा रोग) १ टक्का बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी होते. त्यासाठी आजोबा १०० लिटरला १ किलो मोरचूद सरळ तोलून घेतात. माझी पद्धत चूक असेल, तर त्यांचीही चूक म्हणायची का?

उत्तर (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, पुणे)

तुमची दुसरी चूक स्फटिकाच्या आत आहे. बाटलीतला निळा पदार्थ निव्वळ कॉपर सल्फेट नसतो. त्याच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात आणि हे स्फटिकजल तुम्ही वजन करताना द्राव्य म्हणून मोजले. निर्जल कॉपर सल्फेटचे रेणुवस्तुमान सुमारे १५९.६ आहे आणि निळ्या स्फटिकांचे २४९.७, म्हणजे १०० ग्रॅम स्फटिकांत खरे द्राव्य सुमारे ६३.९ ग्रॅम आणि उरलेले ३६.१ ग्रॅम पाणीच असते.

द्राव्य निर्जल रूपात १२.५ ग्रॅम हवे असेल, तर स्फटिक १२.५ × २४९.७ ÷ १५९.६, म्हणजे सुमारे १९.५५ ग्रॅम घ्यावे लागतील. वरून घालायचे पाणी २५० वजा १९.५५, म्हणजे २३०.४५ ग्रॅम. येथे अनेक विद्यार्थी २५० मधून १२.५ वजा करून २३७.५ ग्रॅम पाणी ओततात आणि स्फटिकांबरोबर आलेले सुमारे ७ ग्रॅम पाणी दुसऱ्यांदा मोजतात, म्हणून वजाबाकी नेहमी प्रत्यक्ष तोललेल्या वस्तूच्या वजनाची करावी.

तुमच्या चंचुपात्रात प्रत्यक्षात काय तयार झाले, तेही पाहा. १२.५ ग्रॅम स्फटिकांत निर्जल द्राव्य ७.९९ ग्रॅम आणि द्रावणाचे एकूण वस्तुमान २६२.५ ग्रॅम, म्हणून संहती, म्हणजे द्रावणातले द्राव्याचे प्रमाण, सुमारे ३.०४ टक्के. पाच टक्क्यांच्या जागी तीन, हा फरक किरकोळ नाही, आणि यातला मोठा वाटा स्फटिकजलाचा आहे. स्फटिकांऐवजी १२.५ ग्रॅम निर्जल कॉपर सल्फेट घेऊन केवळ जादा पाण्याची चूक झाली असती, तर संहती ४.७६ टक्के आली असती.

उत्तर (द्राक्ष बागायतदार आणि कृषी पदविकाधारक, नाशिक)

आजोबांची पद्धत बरोबर आहे, कारण बोर्डोतल्या टक्क्याचा अर्थच वेगळा आहे. तेथे ‘१ टक्का’ म्हणजे १०० लिटर मिश्रणामागे १ किलो निळे स्फटिक, स्फटिकजलासकट. हे मिश्रण फ्रान्समधील बोर्डो परिसरातल्या द्राक्षबागांतून आले, १८८५ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून कृती स्फटिकांच्याच वजनात सांगितली जाते. तुम्ही निर्जल कॉपर सल्फेटचा हिशेब धरून १.५६ किलो टाकलेत, तर मिश्रण शिफारशीपेक्षा दीडपट तीव्र होईल, चुन्याचा तोल बिघडेल आणि कोवळी पाने करपतील.

मात्र १०० लिटर हे अंतिम आकारमान आहे, हे येथेही विसरू नये. मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये वेगवेगळे कालवून मगच एकत्र करतात. मोरचुदासाठी पिंप प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडी नको. पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपापुरतेच करायचे असेल, तर मोरचूद १५० ग्रॅम आणि चुना १५० ग्रॅम. तयार मिश्रणात लखलखीत विळा बुडवून त्यावर तांबूस थर चढला, तर तांबे अजून मोकळे आहे आणि चुना आणखी लागणार, अशी आमच्याकडची जुनी परीक्षा आहे.

उत्तर (औषधनिर्माता, मडगाव)

वरील दोन्ही उत्तरांतून एक गोष्ट दिसते, ती अशी की टक्का कशाचा आणि कशामागे, हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. आमच्या कामात तो बहुधा वस्तुमान आणि आकारमान यांचा असतो. ०.९ टक्के सलाईन म्हणजे १०० मिलिलिटर द्रावणात ०.९ ग्रॅम मीठ. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत म्हणून ४.५ ग्रॅम. मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग खुणेपर्यंत पाणी भरतात. ५०० मिलिलिटर पाणी आधीच मोजून त्यात मीठ टाकत नाहीत.

दोन्ही द्रव असतील, तर ही काळजी अधिक घ्यावी लागते. ९५ टक्के अल्कोहोलपासून आकारमानाने ७० टक्क्यांचे एक लिटर करताना ७० × १००० ÷ ९५, म्हणजे सुमारे ७३७ मिलिलिटर अल्कोहोल घेऊन पाण्याने एक लिटरच्या खुणेपर्यंत भरावे. ‘२६३ मिलिलिटर पाणी घाला’ असे सांगणे चूक ठरते, कारण अल्कोहोल आणि पाणी एकत्र आले की आकारमान आक्रसते आणि भरणा खुणेखाली राहतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. माझे जुने द्रावण अजून बाटलीत जसेच्या तसे आहे. ते फेकून न देता ५ टक्क्यांचे करता येईल का?

उत्तर (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, पुणे)

अवश्य करता येईल, आणि तांब्याचे द्रावण विनाकारण मोरीत ओतण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. पाणी २५० ग्रॅम ठरलेले आहे. एकूण स्फटिक ‘क्ष’ ग्रॅम मानले, तर ०.६३९२ क्ष हे (२५० + क्ष) च्या ५ टक्के असायला हवे. त्यावरून क्ष = १२.५ ÷ ०.५८९२, म्हणजे २१.२ ग्रॅम. यांपैकी १२.५ ग्रॅम आधीच गेले आहेत, म्हणून आणखी ८.७ ग्रॅम टाका. द्रावण २५० ऐवजी सुमारे २७१ ग्रॅम होईल, तशी नोंद वहीत करा. स्फटिकांवर पांढरट पूड दिसत असेल, तर त्यांतले काही पाणी उडून गेलेले असते आणि हा हिशेब त्यांना लागू पडत नाही. अशा वेळी निळेशार स्फटिक वेचून घ्या.