डान्स बसवला कोणी, नाव कोणाचं

सी-१०२ वहिनी: सगळ्यांनी बघा बरं का आमच्या विंगच्या पोरींचा रील 😍 कालपासून नुसता फिरतोय, शेजारच्या सोसायटीतल्या मुली पण तोच डान्स करून टाकायला लागल्यात. आपलं पार्किंग फेमस!!

सेक्रेटरी: अभिनंदन. मागे निळी दुचाकी दिसतेय ती कोणाची? व्हिजिटरच्या जागेत आहे.

बी-४०३ चिऊची आई: वहिनी रील छान झालाय, मुली पण मस्त नाचल्यात, पण एक बोलू का, राग मानू नका. हा डान्स चिऊने बसवलाय. तीन आठवडे गच्चीवर घाम गाळत होती, आधी एकटी, मग तुमच्या दोघींना शिकवला. ती हात कोपरातून फिरवून एकदम थांबायचं आणि मान वाकडी करायची स्टेप आहे ना, ती तिला दात घासताना सुचली, आरशावर सगळी पेस्ट उडवून ठेवली होती, पुसली मी. रीलखाली तिचं नाव कुठेच नाही. काल रात्रीपासून तोंड पाडून बसलीय.

सी-१०२ वहिनी: अगं मुलांचं आहे ते, त्यात कसली नावं. शूटच्या दिवशी तिला ताप होता, मग काय थांबून राहायचं होतं का. आणि नाचल्या तर आमच्याच ना.

सेक्रेटरी: हा ग्रुप सूचनांसाठी आहे. कृपया.

ए-५०१ दादा: काका दोन मिनिटं, कारण हे सेम टू सेम आधी झालंय आणि जगभर गाजलंय. के कॅम्प म्हणून अटलांटाचा एक रॅपर आहे, त्याचं लॉटरी नावाचं गाणं २०१९ मध्ये आलं. अटलांटाच्या जवळच राहणारी जलाया हार्मन म्हणून १४ वर्षांची मुलगी, तिने सप्टेंबरमध्ये त्याच्या एका तुकड्यावर डान्स बसवला, फनिमेट नावाच्या ॲपवर टाकला, मग इन्स्टावर. पुढच्या महिन्यात कोणीतरी तो थोडा बदलून टिकटॉकवर नेला आणि मग सुटलाच तो, टिकटॉकची मोठी स्टार चार्ली डिअमेलिओने केला, सेलिब्रिटींनी केला, शाळाशाळांत पोरं करायला लागली आणि लोक चार्लीलाच या डान्सची सीईओ, म्हणजे मालकीण म्हणायला लागले. आणि जिने बसवला ती बिचारी लोकांच्या कमेंटमध्ये जाऊन सांगतेय हा माझा आहे, मला टॅग करा, तर कोणी ढुंकून बघेना.

बी-२०३ आजोबा: रॅप म्हणजे ते भरभर बोलतात तेच ना. मग मी नातवाकडून रेनेगेड रेनेगेड ऐकलं होतं ते काय

ए-५०१ दादा: तेच हे आजोबा, गाण्यात तो शब्द सारखा येतो म्हणून डान्सचं नाव तेच पडलं. आता गाण्याच्या नावात पण लॉटरी आणि पुढे कंसात रेनेगेड असतं. म्हणजे बघा, गाणं लोकांनी शोधलं ते डान्समुळे, आणि डान्सवाली मुलगी गायब.

बी-२०३ आजोबा: आत्ता लावलं पूर्ण गाणं. हिने आतून ओरडून बंद करायला लावलं. असल्या शिव्या आहेत आणि पोरं यावर नाचतात?

ए-५०१ दादा: 😂😂 पूर्ण कोण ऐकतंय आजोबा, १५ सेकंदांचा तुकडा असतो. कॅमेरा एका जागी, माणूस एका जागी, सगळं काम हातांचं आणि कमरेच्या वरचं, म्हणून बेडरूममध्ये पण जमतं. चिऊचा डान्स पण तसाच आहे, म्हणून तर शेजारच्या मुलींनी एका दिवसात उचलला. सोपा दिसतो, पण बसवायला बघा एकदा, प्रत्येक ठोक्यावर हात कुठे असला पाहिजे ते ठरवायचं म्हणजे डोक्याचं काम आहे.

सी-१०२ वहिनी: मग शेवटी त्या मुलीचं काय झालं?

ए-५०१ दादा: न्यूयॉर्क टाइम्सने १३ फेब्रुवारी २०२० ला तिच्यावर लेख छापला. तेव्हाच शिकागोला एनबीएचा, म्हणजे तिकडच्या बास्केटबॉल लीगचा ऑल-स्टार वीकेंड होता, टिकटॉकवाले स्टार आधीच बोलावलेले, मग हिलाही बोलावलं आणि १६ तारखेला ती तिथे सगळ्यांसमोर नाचली. चार्लीने पण तिच्यासोबत व्हिडिओ केला, नाव दिलं. चार्लीचा तसा दोष नव्हताच, पण एवढं सगळं एक लेख येईपर्यंत अडलं होतं ना. आणि तरी २०२१ मध्ये एका मोठ्या अमेरिकन टीव्ही शोमध्ये आठ टिकटॉक डान्स दाखवले, बसवणाऱ्यांची नावं शोमध्ये घेतलीच नाहीत, लोक भडकले तेव्हा त्यांना शोवर घेतलं. त्याच वर्षी जूनमध्ये मेगन दी स्टॅलियन या रॅपरचं नवीन गाणं आलं तर डान्स बसवणारे कृष्णवर्णीय क्रिएटर म्हणाले आम्हाला नाव मिळत नाही, आम्ही यावर डान्स बसवतच नाही, संपच केला.

सी-३०१ वकील मॅडम: कायद्याचं विचाराल तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट ॲक्टमध्ये कोरिओग्राफी येते, नाट्यकृतीच्या व्याख्येत, पण ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या प्रकारे नोंदवलेली हवी. अमेरिकेतही चालते, पण साध्यासुध्या स्टेप्सना देत नाहीत, २०१९ मध्ये एका टीव्ही नटाचा गाजलेला डान्स तिथल्या ऑफिसने सरळ नाकारला. तेव्हा कोर्टाचं सोडा 🙏 खाली एक ओळ लिहायला वकील लागत नाही.

ए-५०१ दादा: एक्झॅक्टली. तिकडे नुसतं डीसी लिहून नाव टाकतात, डीसी म्हणजे डान्स क्रेडिट.

सी-१०२ वहिनी: हो रे बाबा लिहिते. मला काय माहीत एवढं मोठं असतं ते, मी आपली कौतुकाने टाकली. तिचं अकाउंट काय आहे?

बी-४०३ चिऊची आई: तिचं कुठलं अकाउंट वहिनी, ११ वर्षांची आहे, १३ च्या आत इन्स्टावर घेत नाहीत. माझंही नको, नुसतं नाव लिहा.

सी-१०२ वहिनी: लिहिलं. डीसी चिऊ, बी विंग. आणि सॉरी सांग तिला, उद्या दोघींना वर पाठवते.

बी-४०३ चिऊची आई: थँक्यू वहिनी ❤️ दाखवलं तिला. ती म्हणतेय नाव ठीक आहे, पण शेवटच्या स्टेपला आधी डावा हात जातो, या उजवा नेतायत, आणि आता शेजारची अख्खी सोसायटी उजवाच नेतेय 🤦‍♀️

ए-५०१ दादा: काकू फ्रंट कॅमेऱ्याने काढलाय ना, उलटं दिसत असेल.

बी-४०३ चिऊची आई: थांब सांगते तिला

बी-४०३ चिऊची आई: म्हणतेय मागच्या दुचाकीचा नंबर सरळ वाचता येतोय, म्हणजे उलटं नाहीये. उजवाच आहे.

सेक्रेटरी: नंबर पाठवा.