सार्वजनिक उतारावर होडी पाण्यात सोडताना आलेले अनुभव

ट्रेलरवरून आणलेली होडी सार्वजनिक उतारावरून पाण्यात सोडणे हे काम लांबून सोपे दिसते. उतार बहुधा एका किंवा दोन ट्रेलरांच्या रुंदीचा असतो आणि त्याची तीव्रता साधारणतः १२ ते १५ टक्के ठेवलेली असते, म्हणजे शंभर फुटांच्या अंतरात तो बारा ते पंधरा फूट खाली जातो. याहून कमी तीव्रता असेल, तर होडी तरंगण्याआधीच गाडीची मागची चाके पाण्यात जातात, आणि याहून अधिक असेल, तर भरलेला ट्रेलर वर ओढताना चाकांची पकड सुटते. अशा अरुंद जागी एकाचा खोळंबा हा मागच्या सर्वांचा खोळंबा ठरतो, मागच्यांची घाई पुढच्याच्या डोक्यात शिरते आणि मग नेमकी तीच गोष्ट विसरली जाते जी विसरून चालत नाही. तेथील शिष्टाचार आणि तेथील सुरक्षितता हे दोन वेगळे विषय नाहीत, असे माझे मत झाले आहे. आपण पाहिलेले प्रसंग त्यांच्या कारणांसह लिहावेत आणि कोणाचेही नाव घेऊ नये, ही विनंती.

* * *

वरील मताला दुजोरा देणारा एक प्रसंग सांगतो. माझ्या पुढे असलेल्या गृहस्थांनी वेळ वाचावा म्हणून होडीचे पुढचे टोक धरून ठेवणारा विंचचा (ट्रेलरवरच्या हाताने फिरवायच्या ओढयंत्राचा) पट्टा आणि त्यासोबतची साखळी उताराच्या माथ्यावरच सोडून टाकली. त्यांच्या ट्रेलरला फिरते रबरी रूळ होते, त्यामुळे होडीला अडवणारे आता काहीच उरले नव्हते. गाडी मागे घेताना त्यांनी ब्रेक जरा जोरात दाबला; ट्रेलर थांबला, होडी थांबली नाही. ती मागे घसरत थेट काँक्रीटवर उतरली, इंजिनाचा पंखा वाकला, तळाचा वरचा थर खरवडून निघाला आणि विंचने ती इंच इंच ओढून पुन्हा ट्रेलरवर चढवेपर्यंत उतार बंद राहिला. मागचे आडवे पट्टे वरच सोडावेत, परंतु पुढचा पट्टा आणि साखळी होडीचा मागचा भाग पाण्यावर उचलला गेल्यावरच काढावी, हा क्रम जुन्या मंडळींनी उगाच घालून दिलेला नाही.

बाकीची तयारी मात्र उताराच्या अलीकडे असलेल्या मोकळ्या जागेत पूर्ण करता येते आणि करावीच. सामान भरणे, बूच लावणे, पुढे-मागे दोर बांधणे, इंधन पाहणे, इंजिन तत्काळ बंद करणारी दोरी जागेवर आहे की नाही याची खात्री करणे, यांपैकी एकाही कामाला पाण्याचा काठ लागत नाही. उतारावर आल्यानंतर खाण्याच्या पिशव्या आणि गळ गाडीतून होडीत हलवणारे कुटुंब पाहिले, की मी दुसरीकडे बघू लागतो. काही बोललो तर कडवट बोलेन, याची मला खात्री असते.

* * *

बुचाचा उल्लेख आला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. होडीच्या मागच्या बाजूला तळाशी एक छिद्र असते. आत साचलेले पाणी जमिनीवर आल्यावर त्यातून काढून टाकायचे आणि पाण्यात जाण्याआधी ते बुचाने बंद करायचे. हे बूच विसरलेली होडी लगेच बुडत नाही, आणि खरा धोका तेथेच आहे. ती व्यवस्थित तरंगते, माणसे चढतात, गाडी दूर उभी करायला नेली जाते आणि त्यानंतर कोणाच्या तरी लक्षात येते, की मागची बाजू जरा खाली वाटते आहे. आमच्या डोळ्यांदेखत एका होडीची बॅटरी अशीच पाण्याखाली गेली, आणि बॅटरी गेल्यावर पाणी उपसणारा पंपही बंद पडला. ट्रेलर अजून पाण्यात असेल, तर होडी परत त्यावर घेऊन बाहेर ओढणे हा सर्वांत बिनधोक उपाय आहे, कारण आत शिरलेले पाणी मग त्याच छिद्रातून निघून जाते.

बूच विसरले जाण्यामागे एक रास्त कारणही आहे. अनेक प्रदेशांत होडी रस्त्यावरून नेताना बूच काढलेले असणे नियमानेच बंधनकारक आहे. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातील झेब्रा शिंपला १९८० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत पोहोचला; तेथे तो मोठ्या जहाजांच्या स्थैर्यासाठी भरलेल्या पाण्यातून आला असे मानले जाते. पुढे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना त्याला ट्रेलरवरच्या होड्यांचे आयते वाहन मिळाले. त्याची पिल्ले डोळ्यांना न दिसण्याइतकी लहान असतात आणि तळाशी राहिलेल्या थोड्याशा पाण्यातही काही दिवस जगू शकतात. म्हणून बाहेर आल्यावर होडीला आणि ट्रेलरला चिकटलेले गवत काढणे, सर्व पाणी निथळू देणे आणि पुढच्या तळ्यावर जाण्याआधी होडी पूर्ण वाळवणे आवश्यक असते. ही कामेही उतारावर करायची नसतात. बूच आम्ही गाडीच्या किल्लीलाच अडकवून ठेवतो.

* * *

माझा अनुभव गाडीविषयी आहे. उताराचा पाण्याजवळचा पट्टा शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो, आणि ओहोटीच्या वेळी असे शेवाळ अधिकच उघडे पडते. एक गाडी हँडब्रेक लावून उभी केलेली असताना, चालक होडीचा पट्टा सोडत असतानाच, सावकाश पाण्याकडे निघालेली मी पाहिली. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांवर चालतो. स्वयंचलित गिअरची गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल, तर गिअरचे कुलूपही त्याच चाकांना लागते. म्हणजे दोन्ही उपाय करूनही पुढची चाके मोकळीच राहतात आणि सारा भार शेवाळावर टेकलेल्या दोन टायरांवर येतो. त्या गाडीची मागची चाके फिरली नाहीत, ती जशीच्या तशी घसरत गेली. सुदैवाने रांगेतील एकाने प्रसंगावधान राखून पुढच्या चाकामागे लाकडी उटी सरकवली आणि गाडी थांबली.

तेव्हापासून उटी लावल्याशिवाय मी गाडीपासून हलत नाही. मागे घेताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि आपला सीटबेल्ट काढून ठेवावा, कारण गाडी पाण्यात गेलीच तर विजेवर चालणाऱ्या काचांचा भरवसा धरता येत नाही. मुलांना गाडीतही बसवू नये आणि ट्रेलरवरच्या होडीतही नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चढावर वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि उतरताना काहीच त्रास न दिलेली गाडी वर येताना जागच्या जागी चाके फिरवत बसते.

* * *

आमची होडी शिडाची आहे, आणि डोलकाठी उभी करण्यास वेळ लागतो, म्हणून मागच्यांच्या चेहऱ्यांवरचे भाव आम्हाला चांगले परिचयाचे आहेत. ती मोकळ्या जागेतच उभी करावी हे मान्य. परंतु तेथून उतारापर्यंतच्या वाटेवर विजेच्या तारा नाहीत ना, हे आधी चालत जाऊन पाहावे. ॲल्युमिनियमच्या काठीतून वीज वाहते, कार्बन तंतूंच्या काठीतूनही वाहते, आणि काठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा तर होडीवर चहूकडे असतात. एकदा मागून कोणी तरी भोंगा वाजवला आणि माझ्या सोबत्याने घाईने काठी उचलायला घेतली. वर तार होती. मी ओरडले आणि त्याने ती तशीच खाली टेकवली. भोंगा वाजवणाऱ्याला आपण काय केले, याची कल्पनाही नसेल.

* * *

भोंग्यापेक्षा मदत बरी. पण तीही विचारून करावी. ट्रेलर मागे घेताना धांदल उडालेल्या माणसाला चार बाजूंनी चार सूचना मिळाल्या, की त्याचा ट्रेलर हमखास आडवा होतो. एकानेच, चालकाला आरशात दिसेल अशा जागी उभे राहून, हाताने खूण करावी. नवख्यांना मी एवढेच सांगतो, की हात सुकाणूचक्राच्या तळाशी धरावा आणि ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात न्यावा. आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा लवकर वळतो, त्यामुळे छोट्या होडीवाल्याला हसण्याचे कारण नाही. पहाटे उतारावर उतरताना गाडीचे पुढचे दिवे पूर्ण प्रकाशात ठेवणाऱ्यांविषयी मात्र मला सहानुभूती नाही. ते समोरून रोखलेले असले, की मागे येणाऱ्याला आरशात काहीही दिसत नाही.

* * *

होडीच्या आतच पेट्रोलचे इंजिन बसवलेले असेल, तर ते सुरू करण्याआधी हवा बाहेर फेकणारा पंखा किमान चार मिनिटे चालवावा, असे सांगितले जाते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचून राहते. ही चार मिनिटे रांगेच्या नजरेत फार मोठी वाटतात, म्हणून अनेकजण ती गाळतात. माझ्या शेजारच्या होडीवर झाकण उघडताच वास आला आणि मालकाने किल्लीवरचा हात काढून घेतला. मी आता पंखा रांगेत असतानाच सुरू करतो आणि पाण्यात उतरल्यावर झाकण उघडून पुन्हा वास घेतो; त्यात कोणाचाही वेळ जात नाही.

* * *

इंजिनाच्या जोरावर होडी ट्रेलरवर चढवणाऱ्यांविषयी कोणी लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याच्या झोताने काँक्रीटच्या शेवटच्या कडेपलीकडची माती उकरली जाते, तेथे खड्डा पडतो आणि उकरलेला गाळ पुढे उंचवटा होऊन बसतो. पाणी कमी असलेल्या दिवशी कोणी तरी ट्रेलर नेहमीपेक्षा खोल नेतो, चाके कडेवरून खाली पडतात आणि आस काँक्रीटला अडकते. अशा वेळी गाडीचा जोर लावला तर आस तुटते. होडी आधी तरंगवून ट्रेलर हलका करावा आणि मग चार जणांनी तो उचलून घ्यावा. विंच हाताने फिरवायला जेमतेम दोन मिनिटे जास्त लागतात.

* * *

मला एक प्रश्न विचारायचा आहे. परत येताना होडी धक्क्याला लावून चालक गाडी आणायला जातो, तेव्हा पाण्यावर आधी पोहोचलेल्याचा क्रम आधी, की ट्रेलर रांगेत आधी लावणाऱ्याचा? यावरून मी दोन सभ्य माणसांना हातघाईवर येताना पाहिले आहे.

* * *

आमच्याकडे ट्रेलर रांगेत लागला तो क्षण धरतात. होडी बांधून मालक निवांत बसला असेल, तर त्याच्यासाठी उतार अडवून ठेवता येत नाही. कयाकवाल्यांनी या वादात पडूच नये. त्यांनी आपली नाव उचलून बाजूच्या काठावरून सोडावी. वादळ येताना दिसत असेल, तर मात्र उतरणाऱ्यांनी थांबावे आणि पाण्यावरच्यांना आधी बाहेर येऊ द्यावे. अशा वेळीही कोणी आपला क्रम सांगू लागला, तर त्याला रांगेतूनच उत्तर मिळते.