विनलँड सागा: दुसऱ्या सीझनमध्ये नुसती शेतीच आहे का? बघू की सोडू?

निशाचर_नाना:
मंडळी, सल्ला हवाय. ॲनिमे (जपानी कार्टून मालिका) हा आपला प्रांत नव्हे. भाचा वर्षभर मागे लागला होता म्हणून ‘विनलँड सागा’ ही व्हायकिंगांची मालिका लावली आणि पहिल्या सीझनचे २४ भाग चार रात्रींत संपवले. (ऑफिसात काय हाल झाले ते विचारू नका.) बापाला मारणाऱ्याच्याच टोळीत राहून सूड घ्यायची वाट बघणारा पोरगा थॉर्फिन, टोळीचा तो बेरकी म्होरक्या आस्केलाड, लांडग्यासारख्या लढाया. मजा आली. आता दुसऱ्या सीझनचे चार भाग झाले, तर हिरो झाडं तोडतोय. खंजीर गायब, तोंडावरची माशी हलत नाही. पुढे काही घडतं का? नसेल तर दुसरं काही सुचवा. पहिल्या सीझनबद्दल बिनधास्त बोला, दुसऱ्याचे स्पॉयलर नकोत.

चहाबाज:
+१. मीही तिथेच सोडली. नांगरणी बघायला मला गावी जाता येतं.

उलटा_चष्मा:
नाना, सोडू नका. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागाचं नावच ‘प्रस्तावनेचा शेवट’ अशा अर्थाचं आहे. म्हणजे ते २४ भाग ही प्रस्तावना!

आठवून बघा, पहिल्या सीझनमध्ये थॉर्फिन बदलतो का? नाही. सहा वर्षांचा असताना बाप गेला, तिथेच तो थिजला. हात चपळ झाले, अंगावर वळ वाढले, बाकी काही नाही. बदलतो तो डेन्मार्कचा राजपुत्र कनूट. सांभाळणाऱ्या राग्नारच्या पदराआड लपणारा मुलगा शेवटी बापाच्या गादीकडे थंड नजरेने बघायला लागतो. आणि उलगडत जातो तो आस्केलाड. त्याची आई, वेल्स, ज्या डेन लोकांचं नेतृत्व करतो त्यांच्याबद्दलचाच तिटकारा, सगळं हळूहळू कळतं. मग तो मरतो आणि थॉर्फिनला जगायला कारणच उरत नाही. तुम्हाला जो सुन्न चेहरा दिसतोय तो त्याचा आहे. हिरो विश्रांती घेत नाहीये हो, तो रिकामा झालाय.

आणि चौदावा भाग आठवतो? बाजारातून अंगठी चोरलेली ती इंग्लिश मुलगी ॲन. पाप केलं म्हणून घाबरते, पण अंगठी मनातून आवडतेही. ती घराबाहेर असताना टोळी येते. आपण तेरा भाग ज्यांच्याबरोबर हसलो ती माणसं नक्की कोण आहेत, हे एका अनोळखी पोरीच्या डोळ्यांतून दाखवलंय. दुसऱ्या सीझनचं बी तिथेच पेरलेलं आहे.

बांधावरून:
मी शेतीवाला, म्हणून शेतीवर बोलतो. आमच्याकडे बाभळीचा बुंधा काढायचा तर चहूबाजूंनी खणा, मुळ्या कुऱ्हाडीने तोडा, मग साखळी लावून बैल जुंपा, तरी दिवस जातो. या मालिकेत थॉर्फिन आणि त्याचा सोबती एनार जंगल तोडतात, तेव्हा झाड आडवं झालं की काम संपत नाही, खरं काम तिथून सुरू होतं. बुंधे उपटायला घोडा लागतो आणि घोडा मागायला गेलं की बाकीचे गडी टिंगल करून हाकलतात. सहाव्या भागात एक तिरसट म्हातारा घोडा देतो, पण फुकट नाही, आपली कामं करून घेतो. इतक्या बारकाईने शेत उभं करणारी दुसरी मालिका मी तरी पाहिली नाही.

हिशोबही नीट समजून घ्या. हे दोघे सालगडी नव्हेत, विकत घेतलेले गुलाम आहेत. शेताचा मालक केटिल त्यांना जंगलाचा तुकडा देतो. त्यातलं पीक विकून स्वतःचीच किंमत फेडायची आणि मोकळं व्हायचं. मालक भला वाटतो, नाही? बघत राहा.

जुनी_वही:
इतिहासाबद्दल थोडं (नाना, पहिला सीझन पाहिलाय म्हणून लिहितो). थॉर्फिन कार्ल्सेफ्नी हे आइसलंडच्या सागांमधलं (जुन्या गद्य कथांमधलं) नाव आहे. तिथे तो सधन व्यापारी. सूड नाही, गुलामी नाही, आणि बापाचं नाव थॉर्ड. म्हणजे मालिकेतला बाप थॉर्स आणि ते सगळं बालपण लेखक माकोतो युकिमुराने रचलंय. सागांना त्याच्या विनलंडच्या (नॉर्स म्हणजे व्हायकिंग दर्यावर्दींनी उत्तर अमेरिकेतल्या प्रदेशाला दिलेलं नाव) सफरीत रस, युकिमुराला तो तिथवर कसा पोचला यात. मूळ मंगा (जपानी चित्रकथा) २००५ ते २०२५ चालली, तेव्हा घाई नव्हतीच.

मालिकेतला तो धिप्पाड योद्धा थॉर्केल खरा, १०१२ मध्ये तो इंग्लंडच्या राजाच्या पदरी गेला होता. कनूटचा बाप स्वेन राजा मात्र १०१४ मध्ये गेन्सबरोला मेला; मालिकेने त्याचा मृत्यू यॉर्कला नेला आणि आस्केलाडच्या तलवारीला जोडला. आस्केलाड हे नाव नॉर्वेच्या लोककथांतल्या राखेत लोळणाऱ्या धाकट्या पोराचं.

आणि विनलंड थाप नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये लान्स ओ मेडोज इथे नॉर्स लोकांची वस्ती सापडली आहे. तिथली लाकडं १०२१ मध्ये धातूच्या हत्याराने तोडलेली होती, हे २०२१ मध्ये सिद्ध झालं. ९९३ च्या वैश्विक किरणांच्या माऱ्याची खूण झाडाच्या वलयात राहते. तिथून सालीपर्यंत वलयं मोजली की झालं.

तिरकी_रेघ:
सगळेच आरती ओवाळताहेत म्हणून वेगळा सूर. दुसरा सीझन चांगला आहे, पण मधे रेंगाळतो. कनूटचं राजकारण आणि शेत यांचा सांधा जुळायला फार वेळ लागतो. शिवाय आर्नहेड हे केटिलच्या शेतावरच्या गुलाम बाईचं पात्र मला खटकलं. तिने सोसायचं आणि आजूबाजूच्या पुरुषांनी शहाणं व्हायचं. पुरुषांना जितकं आतलं आयुष्य दिलंय तितकं तिला द्यायला हवं होतं. स्टुडिओ बदलला (आधी विट, मग माप्पा) तरी दिग्दर्शक शुहेई याबुताच असल्याने सूर तुटत नाही, हे मान्य.

नानांना दुसरं हवंच असेल तर ‘प्लॅनेट्स’ बघा, याच लेखकाची. अवकाशातला कचरा गोळा करणारी माणसं, २६ भाग. इतिहासच हवा असेल तर २०२१ ची ‘हेइके मोनोगातारी’, अकराच भाग.

दोन_पोरांची_आई:
मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याच्याबरोबर बघू का?

उलटा_चष्मा:
नको. पहिल्या सीझनमध्ये हातपाय उडतात, पण दुसऱ्यात एका बाईला होणारी मारहाण त्याहून जड जाते. चार-पाच वर्षं थांबा.

निशाचर_नाना:
नऊ भाग झाले! (मी चौथ्यावर अडकलो होतो तसे कोणी असतील तर पुढचं वाचू नका.) गव्हाचे कोंब दिसल्यावर ते दोघे वाफ्याशी बसून बघत राहतात, तिथे मीही उगाच हसत होतो. मग रात्रीत कोणीतरी ते शेत उपटून टाकतं. एनार हात उचलणार, तेवढ्यात पहिला ठोसा थॉर्फिनच मारतो. मी खुर्चीत ‘हाण!’ म्हणून ओरडलो. आणि नवव्या भागात त्याच ठोशाचा जाब त्याला स्वप्नात द्यावा लागतो, खाली मेलेल्यांचा तो ढीग... ओरडल्याची लाज वाटली राव.

चहाबाज, परत लावा. दहावा सुरू करतोय, उद्याची सुट्टी टाकलीय.

चहाबाज:
बरं, रविवारी बघतो. पण घोडा मिळेपर्यंत पळवत पळवत बघितलं तर चालेल ना?

बांधावरून:
नाही.