एनबीए ड्राफ्ट: कॉलेजच्या खेळाडूंचा अंदाज कसा बांधायचा? सल्ला हवा

निळा_बाक

नमस्कार मंडळी. आम्हा मित्रांची एक फँटसी लीग आहे. दर जूनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो) झाला की आम्ही आपापले रुकी (पहिल्या वर्षाचे खेळाडू) निवडतो आणि ते पुढची काही वर्षं आपल्याच संघात राहतात. त्यामुळे पहिल्या वर्षी कोण चमकेल यापेक्षा तीन-चार वर्षांनी कोण कुठे असेल याला जास्त किंमत आहे.

आजवर मॉक ड्राफ्टच्या (कोण कितवा निवडला जाईल याच्या अंदाजाच्या) याद्या बघून निवड केली. आता स्वतः अंदाज बांधायचा आहे. २०२६ च्या ड्राफ्टसाठी डॅरिन पीटरसन, एजे डिबान्त्सा, कॅमेरन बूझर ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत, त्यांच्याबद्दल मला विचारायचं नाही. दहाव्यापासून चाळिसाव्या क्रमांकापर्यंतच्या पोरांमध्ये निवड कशी करायची, ते सांगा.

एक्सेल चांगलं येतं, पायथन कामापुरतं. सामने बघायला सकाळी ऑफिसच्या आधी तासभर मिळतो. कोणते आकडे बघू? फुकटात कुठे मिळतील? सामन्यामागच्या गुणांवरून क्रम लावला तर चालेल का?

बॉक्सस्कोअर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही चालणार. अमेरिकेतल्या कॉलेजांत सर्वाधिक सरासरीने गुण करणारे चार जण बघ. ॲडम मॉरिसन (२००६), स्टीफन करी (२००९), जिमर फ्रेडेट (२०११), ट्रे यंग (२०१८). चौघंही २७ ते २९ च्या दरम्यान. मॉरिसन तिसरा गेला, फ्रेडेट दहावा, आणि दोघांचंही एनबीएत बस्तान बसलं नाही. करी सातवा, यंग पाचवा, ते दोघं पुढे तारे झाले ते तुला माहीत आहे. नुसत्या गुणांवरून या चौघांना वेगळं काढताच येत नाही. बाकीचे रकाने बघितले की फरक दिसायला लागतो. यंग त्या वर्षी असिस्टमध्येही (ज्या पासवर लगेच बास्केट होतो ते) देशात पहिला होता. करीचे सामन्यामागे पाचाहून जास्त असिस्ट आणि अडीच स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू). मॉरिसनचे असिस्ट दोनाच्या आत.

माझ्या यादीत पहिला रकाना वयाचा असतो. २०१५ चा ड्राफ्ट घे. फ्रँक कॅमिन्स्की विस्कॉन्सिनचा चौथ्या वर्षाचा खेळाडू, देशातला सर्वोत्तम ठरलेला. ३८-० अशा केंटकीला अंतिम चारमध्ये हरवलं ते त्याच्याच संघाने. त्याच केंटकीच्या बाकावरून डेव्हिन बुकर यायचा, सामन्यामागे १० गुण, एकदाही सुरुवातीच्या पाचात नाही. कॅमिन्स्की नववा, बुकर तेरावा. पण कॅमिन्स्की २२ वर्षांचा आणि बुकर १८ चा होता. साडेतीन वर्षांहून जास्त अंतर! बुकरने बाविशीत कुठवर मजल मारली ते बघ आणि मग दोघांची तुलना कर.

दुसरा रकाना फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट). थ्रीच्या, म्हणजे तीन गुणांच्या लांबच्या शॉटच्या, टक्क्यापेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे. कारण सरळ आहे: कॉलेजचा हंगाम तीस-पस्तीस सामन्यांचा, त्यात एखाद्याचे थ्रीचे प्रयत्न होतात शंभर. शंभरांत ३५ टक्के आले, तर त्याची खरी क्षमता साधारण २६ ते ४४ मध्ये कुठेही असू शकते. म्हणजे नुसत्या थ्रीच्या टक्क्यावरून चांगला नेमबाज आणि वाईट नेमबाज यांत फरकच करता येत नाही. लाँझो बॉलचे यूसीएलएत थ्री ४१ टक्के, फ्री थ्रो ६७. एनबीएत पहिल्या वर्षी थ्री ३० च्या आसपास आले. पुढे त्याने शॉटची ठेवणच बदलली तेव्हा सुधारला. उलट कावाय लेनर्ड: सॅन डिएगो स्टेटमध्ये दुसऱ्या वर्षी थ्री २९ टक्के, फ्री थ्रो ७६ च्या आसपास. एनबीएत पहिल्याच हंगामात थ्री ३७ च्या पुढे. तो पंधरावा निवडला गेला होता.

थ्रीचा टक्का वापरायचाच असेल तर तो आधी सरासरीकडे ओढून घे. रीड शेपर्डने केंटकीत १४४ पैकी ७५ टाकले, म्हणजे ५२ टक्के. त्यात सर्वसाधारण खेळाडूचे २०० शॉट ३४ टक्क्यांनी मिळव: ३४४ पैकी १४३, साडेएकेचाळीस टक्के. अंदाजासाठी हा आकडा धर. २०० हा माझ्या पसंतीचा आकडा आहे, तू कमी-जास्त कर.

आकडे बार्टटॉर्विकच्या साइटवर फुकट मिळतात. २००८ पासूनचे हंगाम, वर्ष आणि उंचीचे फिल्टर, प्रतिस्पर्धी किती तगडा याचा हिशेब, सगळं आहे. जन्मतारखा आणि जुने हंगाम स्पोर्ट्स रेफरन्सवर.

कोर्टसाइड

बॉक्सस्कोअर यांचं म्हणणं बरंचसं मान्य. मी पोरांना शिकवतो, त्या बाजूने लिहितो.

आधी हे लक्षात घे की कॉलेजचं कोर्ट आणि एनबीएचं कोर्ट यांत खेळ वेगळा होतो. कॉलेजची थ्रीची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर. शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत) कॉलेजात ३० सेकंद, एनबीएत २४. सगळ्यात मोठा फरक म्हणजे एनबीएत बचावपटूला कोणाला न धरता बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. कॉलेजला असा नियम नाही, सेंटर (संघातला उंच खेळाडू) बास्केटखाली तंबू ठोकून उभा राहतो. म्हणून या गर्दीतून वाट काढून रिंगपर्यंत पोचणारा गार्ड (चेंडू घेऊन खेळ रचणारा) एनबीएत आणखी मोकळा होतो. आणि केवळ पट्ट्यात उभं राहून ब्लॉक मारणाऱ्या सेंटरला तिथे बाहेर यावंच लागतं. हशीम थबीत कनेक्टिकटमधून २००९ ला दुसरा गेला, हार्डन आणि करीच्याही आधी. त्याचे ब्लॉक खरेच होते, पण पाय त्या वेगाचे नव्हते.

तुझा सकाळचा तास असा वापर. सामना पूर्ण बघू नकोस. एकच खेळाडू निवड आणि चेंडू त्याच्याकडे नसताना दहा पझेशन (चेंडू एका संघाकडे असण्याची एकेक खेप) फक्त त्याच्यावर नजर ठेव. दुसऱ्या बाजूला ड्राइव्ह सुरू झाला की तो एक पाऊल आत येतो का? पास बाहेर गेला की परत आपल्या माणसावर जाताना शेवटची दोन पावलं छोटी टाकतो की धावत येऊन उडतो? उडणारा पोरगा एनबीएत एका पंप फेकमध्ये (शॉटची नुसती हूल) बाद होतो. मग चेंडू हातात असताना बघ. स्क्रीन मिळाल्यावर (सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवल्यावर) कोपऱ्यातला मदतीचा बचावपटू हलायच्या आधी पास सुटतो की हलल्यानंतर? टायरीस हॅलिबर्टन आयोवा स्टेटमध्ये असताना त्याचा पास आधी सुटायचा. त्याचा शॉट दिसायला विचित्र, पहिलं पाऊल साधारण, म्हणून २०२० मध्ये तो बारावा गेला. ती नजर त्या दिवसांतही स्पष्ट दिसत होती.

वयाबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. डेमियन लिलार्ड वेबर स्टेटमध्ये चार वर्षं. ड्रेमंड ग्रीन मिशिगन स्टेटमध्ये चार, निवड ३५ वी. डेस्मंड बेन टीसीयूत चार, पहिल्या फेरीचा शेवटचा म्हणजे ३० वा, उंचीच्या मानाने हात आखूड म्हणून. जेलन ब्रन्सन विलानोव्हात दोन विजेतेपदं आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवून ३३ वा. वय बघून ही पोरं खोडली असतीस तर हातची गेली असती.

बॉक्सस्कोअर

कोर्टसाइड सर, खोडा असं मी म्हणत नाही. तुम्ही दिलेली नावं पहिल्या दहात नाहीत, लिलार्ड सोडून, आणि माझा मुद्दा तोच आहे. मोठ्या वयाच्या खेळाडूकडून उंच झेप घडण्याची शक्यता कमी, पण तो टिकण्याची शक्यता चांगली. म्हणून चौथ्या क्रमांकाला मी कोवळा खेळाडू घेईन आणि तिसाव्याला बेनसारखा. बाकीच्या तीस वयस्क खेळाडूंची नावं आज कोणाला आठवत नाहीत, हेही धरायला हवं.

त्रिकोणातली

मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. ड्यूक, चॅपल हिल आणि एनसी स्टेट, तिन्ही विद्यापीठं तासाभराच्या आत, त्यामुळे घरात हिवाळाभर हाच विषय.

वयाच्या चर्चेत एक भर घालते. जुन्या हंगामांचा डेटा आजच्या पोरांना जसाच्या तसा लावू नकोस. कोविडमुळे २०२०-२१ चा हंगाम कॉलेजात खेळायच्या चार वर्षांत धरला गेला नाही, त्यामुळे बरेच जण पाच-पाच वर्षं खेळले. त्यात २०२१ पासून खेळाडूंना नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली, आणि दुसऱ्या फेरीत जाण्यापेक्षा कॉलेजात राहणं अनेकांना परवडायला लागलं. त्यामुळे आज अठरा वर्षांच्या पोरासमोर तेवीस-चोवीस वर्षांचे पिळदार गडी उभे असतात. कूपर फ्लॅग ड्यूकचा हंगाम सुरू झाला तेव्हा सतराच वर्षांचा होता, डिसेंबरात अठरा पूर्ण झाली. अशा गड्यांसमोर तो देशातला सर्वोत्तम ठरला. दहा वर्षांपूर्वीच्या फ्रेशमनचे (पहिल्या वर्षाच्या खेळाडूचे) तेच आकडे आणि याचे आकडे एका मापाने मोजता येणार नाहीत. उलट तेवीस वर्षांच्याने अठराच्या पोरांना चोपलं, तर त्यातलं थोडं वजा कर.

आणि भूमिका बघ. अँथनी एडवर्ड्सचे जॉर्जियात थ्री २९ टक्के होते, पण त्या संघात शॉट तयार करणारं दुसरं कोणी नव्हतं, अडलेले सगळे शॉट त्याच्या गळ्यात. ड्यूकमध्ये फ्लॅगच्या शेजारी खेळणाऱ्याला मोकळे शॉट मिळायचे. टक्क्याच्या शेजारी 'यूसेज' (संघाच्या किती चाली त्याच्या हातून संपतात तो टक्का) लिहून ठेव, मगच दोघांची तुलना कर.

निळा_बाक

खूप आभार! त्रिकोणातली ताई, यूसेजचा रकाना आजच घालतो. आता माझा बेत असा: २००८ पासून ड्राफ्ट झालेले कॉलेजचे खेळाडू घ्यायचे, वय, फ्री थ्रो, असिस्ट, स्टील, आक्रमणातले रिबाउंड, यूसेज हे रकाने, आणि त्यांवरून एनबीएतली चौथ्या वर्षाची कामगिरी काढायची. कुठे चुकतंय?

बॉक्सस्कोअर

रकाने छान. स्टील आणि आक्रमणातले रिबाउंड यांत चपळाई आपोआप मोजली जाते, ते ठेवच. तीन गोष्टी बदल.

एक, फक्त ड्राफ्ट झालेले घेतलेस तर मॉडेलला खोटं शिकवशील. कमी आकडे असूनही ज्यांची निवड झाली, त्यांच्यात संघांना दुसरं काहीतरी दिसलेलं असतं. मग मॉडेल म्हणेल, कमी स्टीलनेही काही बिघडत नाही. न निवडलेलेही घे, एनबीएत न खेळलेल्यांना शून्य दे. आणि निवडीचा क्रम, किंवा आज बघत असशील तर मॉक याद्यांची सरासरी, हा एक रकाना म्हणून घाल. स्काउट वर्षभर जे बघतात ते तुझ्या आकड्यांत नाही. जेम्स वाइझमन मेम्फिससाठी फक्त ३ सामने खेळून दुसरा गेला, तिथे आकड्यांच्या जिवावर काय बोलणार?

दोन, तपासणी वर्षांनुसार कर. २०१७ पर्यंतच्या डेटावर शिकव आणि २०१८ पासूनचे ड्राफ्ट लपवून ठेव.

तीन, एकच आकडा काढू नकोस. 'टिकेल का' आणि 'तारा होईल का' असे दोन वेगळे अंदाज काढ. तुझ्या लीगमध्ये बाकावरचा भरवशाचा खेळाडू सहज मिळत असेल, तर दुसऱ्या अंदाजाला जास्त वजन दे.

निळा_बाक

हे दोन अंदाजांचं डोक्यात आलंच नव्हतं. आमच्याकडे असे खेळाडू खरंच सहज मिळतात. एक शेवटचं: हाताचा पसारा, उडी, बेंच प्रेस, हे कुठे मिळेल आणि किती मानायचं?

कोर्टसाइड

मे महिन्यात शिकागोला कंबाइन (ड्राफ्टआधीची खेळाडूंची चाचणी) होतं, तिथे हाताचा पसारा, उडी वगैरे मोजतात. एनबीएच्या स्टॅट्स साइटवर जुन्या वर्षांचंही आहे. उंची बिनबुटाची घे, कॉलेजच्या पत्रकातली धरू नकोस, तिथे एक-दोन इंच सर्रास चढवलेले असतात. मी हाताचा पसारा आणि उभ्याने हात वर केल्यावरची पोच मानतो, विशेषतः सेंटर आणि विंगसाठी (बाजूने खेळणारे). बेंच प्रेस सोडून दे. केविन ड्युरांटला २००७ मध्ये १८५ पौंड एकदाही उचलता आले नव्हते.