पोटोमॅकचा कालवा: फसलेला उद्योग की पुढच्या कामाचा पाया?

कातळकडा:
अमेरिकेतील पोटोमॅक नदी व्हर्जिनियातील ग्रेट फॉल्स येथे मैलभराच्या आतच सुमारे ७६ फूट खाली उतरते. मालवाहू नावांना हा टप्पा चुकवता यावा म्हणून, १७८५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या कंपनीने येथे कालवा खोदला आणि पाच लॉक, म्हणजे पाणी भरून वा सोडून नाव वर-खाली नेणारी दरवाजांची कुंडे, बांधली. १८०२ मध्ये काम पुरे झाले, तेव्हा वॉशिंग्टन हयात नव्हते. १८२८ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. संस्थापकाच्या नावामुळे कौतुक होत असले, तरी माझ्या मते हा फसलेलाच उद्योग होय.

वाटसरू:
केवळ खतावणी पाहून असा निकाल देणे मला पटत नाही. खालचे लॉक सुरुंगाच्या दारूने कडा फोडून काढले आहेत, तेही अशा कामाचा अनुभव त्या देशात जवळपास कोणालाच नसताना. शिवाय याच नदीच्या जलवाहतुकीसाठी व्हर्जिनिया आणि मेरिलँड १७८५ मध्ये माउंट व्हर्ननला एकत्र बसले, आणि त्या बोलण्यांतूनच पुढे १७८७ ची संविधान घडवणारी फिलाडेल्फिया परिषद उभी राहिली.

कातळकडा:
कालवा निघाला नसता तरी ती बोलणी झालीच असती; ते श्रेय लॉकच्या पदरात टाकू नये. बांधकामाला मी नावे ठेवत नाही, चूक आखणीत होती. कंपनीने तेवढे धबधबे आणि खळाळ चुकवले व उरलेला सारा प्रवास पात्राच्या भरवशावर सोडला. पाणी उतरले की नावा खडकांना टेकत, पूर आला की ओघ आवरत नसे, त्यामुळे वर्षातून जेमतेम महिना-दोन महिने धड वाहतूक होई. पीठ आणि व्हिस्की घेऊन आलेल्या कित्येक नावा जॉर्जटाउनला मोडून लाकूड म्हणून विकल्या जात. ज्या मार्गाने नाव परतत नाही, तो यशस्वी कसा म्हणावा?

मेघना:
हा कातळ फोडणाऱ्यांत करारबद्ध मजूर आणि भाड्याने घेतलेले गुलामही होते, आणि गुलामाच्या श्रमाचे भाडे त्याच्या मालकाला मिळे. यशापयशाच्या या हिशेबात त्यांचा उल्लेखही नसावा, याचे मला वाईट वाटते.

वाटसरू:
मेघना यांचा मुद्दा रास्त आहे, तो आधीच यायला हवा होता. आखणीबाबत मात्र माझे म्हणणे कायम आहे. वारस कंपनीने मेरिलँडच्या काठाने कंबरलँडपर्यंत सुमारे १८५ मैलांचा सलग कालवा नेला. पात्रावर विसंबून चालत नाही, हे जुन्या कालव्याच्या २६ वर्षांनीच दाखवून दिले होते.

कातळकडा:
तो सलग कालवा कंबरलँडला पोचला १८५० मध्ये. रेल्वे तेथे १८४२ मध्येच आली होती.